शाळेतल्या वातावरणाची काळजी शाळेपुढे कशी मांडावी: पाचवी ते आठवीच्या पालकांसाठी

चौथीपर्यंतची शाळा बहुधा घराजवळची असते, वर्गाला एकच बाई असतात आणि मुलांच्या आया एकमेकींना ओळखत असतात. पाचवीला मूल हायस्कुलात जाते. तेथे चार-पाच प्राथमिक शाळांतून आलेली मुले एका वर्गात येतात, तासागणिक शिक्षक बदलतात आणि कोण कोणाच्या बाकावर बसणार, कोणाच्या डब्याभोवती कोण जमणार, हे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुलेच ठरवून मोकळी होतात. पालकांची धाकधूक याच सुमारास सुरू होते. मुलगा घरात नवी शिवी सहज बोलून जातो, मुलगी एका विशिष्ट मैत्रिणीचे नाव घेणे अचानक बंद करते, कोणाला आडनावावरून चिडवले जाते, कोणाची कोणाशी 'जोडी लावली' जाते.

ही काळजी घेऊन शाळेत गेलेले बहुतेक पालक एकच वाक्य बोलतात: "शाळेचं वातावरण बिघडलंय." पालक-शिक्षक संघावर मी चार वर्षे काम केले आणि हे वाक्य ऐकून एखाद्या शिक्षकाला काही करता आले, असे मी एकदाही पाहिले नाही. वातावरणावर कोणाला इलाज करता येत नाही. मंगळवारी मधल्या सुट्टीत नळापाशी जे घडले त्यावर करता येतो. म्हणून शाळेत जाण्यापूर्वी आपल्या काळजीला स्थळ, वेळ आणि प्रसंग मिळवून देणे हे पालकाचे पहिले काम आहे, आणि खरे कष्ट तेथेच आहेत.

मुलाकडून कसे समजून घ्यावे

"आज शाळेत काय झालं?" या प्रश्नाचे उत्तर "काही नाही" असेच येते. त्याऐवजी जागेबद्दल आणि माणसांबद्दल विचारावे: आज डबा कुठे बसून खाल्लास, पीटीच्या तासाला संघ कोणी पाडले आणि तुला कितव्या नंबरला घेतले, ऑफ तासाला वर्गावर कोण होते, रिक्षात तुझ्या शेजारी कोण बसते. ही माहिती मुले सहज देतात, कारण त्यात तक्रार केल्यासारखे काही नसते. वेळही निवडावी लागते. दारात पाऊल टाकताच चौकशी सुरू केली तर मूल मिटून घेते. मेथी निवडताना किंवा स्कूटरवर मागे बसलेले असताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडत नसताना, तेच मूल बोलते.

माझा मुलगा सहावीत असताना त्याचा डबा चार दिवस भरलेलाच परत आला. पहिल्या दिवशी "भूक नव्हती", दुसऱ्या दिवशी "वेळ नाही मिळाला". चौथ्या दिवशी मी डब्याविषयी काही न विचारता, मधली सुट्टी कुठे घालवलीस एवढेच विचारले. तो म्हणाला, "जिन्यात." वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेकडे जाणारा तो जिना, तेथे सुट्टीत कोणी फिरकत नाही. त्याच रात्री मी माझ्याच फोनवर मुलांनी केलेला वर्गाचा ग्रुप उघडला. एका वाढदिवसाला तो तोंड उघडून घास घेत असताना कोणीतरी फोटो काढला होता, त्याचे स्टिकर केले होते आणि खाली 'खादाड' असे लिहिले होते. गृहपाठ काय आहे असे कोणी विचारले तरी उत्तरादाखल ते स्टिकर येत होते. मी मोजले, एका दिवसात सव्वीस वेळा. माझे मूल चार दिवस उपाशी राहिले होते, कारण चारचौघांत तोंड उघडण्याची त्याला लाज वाटू लागली होती.

त्याने मला सांगितले का नाही, याचे उत्तर त्याने एका वाक्यात दिले: "तू लगेच बाईंना सांगशील." या भीतीला आधार आहे. बाईंनी वर्गात उभे करून विचारले की मूल 'चुगलखोर' ठरते आणि चिडवण्याला आणखी एक निमित्त मिळते. म्हणून मुलाला एक वचन द्यावे आणि ते पाळावे: तुला सांगितल्याशिवाय मी शाळेत जाणार नाही, आणि गेले तर काय बोलणार ते तुला आधी ऐकवीन. याला एकच अपवाद आहे, तो पुढे येईल.

भांडण, छळ आणि गुन्हा

सगळ्या गोष्टी शाळेत नेण्यासारख्या नसतात. दोन मैत्रिणींची कट्टी, खेळात झालेली ढकलाढकली, एकदाच दिलेली शिवी, या गोष्टींत दोन्ही बाजूंचे बळ साधारण सारखे असते आणि चार दिवसांत बट्टी होते. तेथे आईवडिलांनी मध्ये पडले तर मुले खेळायला लागतात आणि मोठ्यांचे बोलणे मात्र वर्षभर बंद राहते.

एकाच मुलामागे लागणे पुन्हा पुन्हा घडत असेल, लागणारे अनेक असून सोसणारा एकटा असेल, आणि त्यामुळे त्याचे खाणे, झोप, शाळेत जाणे किंवा स्वच्छतागृह वापरणे बदलले असेल, तर तो छळ आहे आणि तो शाळेला कळवलाच पाहिजे. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहाच्या वाटेवर मुलांचा घोळका उभा असतो, ही गोष्ट अनेक आयांना मुलीला उन्हाळी लागल्यावर कळते.

तिसरा प्रकार म्हणजे अंगाला नको तसा स्पर्श, अश्लील चित्र किंवा चित्रफीत दाखवणे, तसे फोटो मागणे किंवा पाठवणे, आणि यात कोणाही मोठ्या माणसाचा हात असणे. येथे शाळेची वाट पाहू नये आणि मुलाला दिलेल्या वचनाचा अपवादही हाच. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या, म्हणजे पोक्सोच्या, कलम १९ प्रमाणे असा अपराध कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. यात शाळाही आली. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो. अशा प्रसंगी मुलाला तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि फोनमधले काहीही पुसू नये.

आडनाव, बोली आणि यादी

आपल्याकडच्या शाळांतल्या चिडवण्याचा एक भाग असा आहे की ज्याविषयी पालक सभेत कोणी बोलत नाही. नवीन मुलाचे आडनाव विचारले जाते आणि आडनाव कळूनही उलगडा झाला नाही तर गाव विचारले जाते. डब्यात काय आहे यावरून अंदाज बांधला जातो. 'आनी' आणि 'पानी' म्हणणाऱ्या मुलाने वर्गात धडा वाचायला घेतला की मागच्या बाकांवरून त्याचे शब्द परत येतात. अशी मुलगी किंवा मुलगा दोन महिन्यांत हात वर करणे सोडून देतो, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, 'वर्गात सहभाग कमी'. घरच्या बोलीत दोष नाही आणि प्रमाणभाषा ही शिकण्याची गोष्ट आहे, हे मुलांना मराठीच्या शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले पाहिजे. तशी विनंती कोणत्याही पालकाला करता येते.

काही वेळा या गोष्टींना शाळेची पद्धतच कारण होते. शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना प्रवर्गाचे नाव घेऊन मुलांना उभे राहायला सांगणे, किंवा शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव पंचवीस टक्के जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांची वेगळी यादी भर वर्गात वाचणे, यात कोणाचा वाईट हेतू नसतो. शिक्षकांना काम लवकर उरकायचे असते. मात्र त्या दिवसापासून 'पंचवीस टक्क्यांतला' हे त्या मुलाचे टोपणनाव होऊन बसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ८ आणि ९ मध्ये दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे, तर कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते. पण यावरचा उपाय अगदी साधा आहे. अर्ज पाकिटात घालून द्यावेत किंवा पालकांना कार्यालयात बोलावून द्यावेत. ही मागणी ज्यांची मुले त्या यादीत नाहीत अशा पालकांनी करावी, असे मला कळकळीने वाटते, कारण ज्यांचे मूल यादीत आहे त्यांना ती करताना पुन्हा एकदा सर्वांसमोर उभे राहावे लागते.

नोंद आणि अर्ज

एक वही घ्यावी. तारीख, जागा, तास किंवा सुट्टी, कोण काय म्हणाले, कोणी पाहिले आणि ही माहिती आपल्याला कोणाकडून कळली, एवढेच तीत लिहावे. 'उद्धट', 'वाया गेलेला', 'संस्कार नसलेला' असे शब्द वहीत येऊ देऊ नयेत. ते एकदा कागदावर आले की चर्चा प्रसंगाची न राहता त्या मुलाच्या घराची होते. दोन आठवड्यांच्या नोंदींत बहुतेक वेळा एक ठरावीक जागा आणि एक ठरावीक वेळ दिसू लागते. आमच्या वर्गातल्या पाच पालकांच्या नोंदी एकत्र ठेवल्या तेव्हा अकरांपैकी आठ प्रसंग मधल्या सुट्टीच्या शेवटच्या दहा मिनिटांत घडलेले निघाले, म्हणजे शिक्षक चहा संपवून स्टाफरूममधून निघण्याच्या आधी.

मग वर्गशिक्षकांची वेळ मागावी. फाटकापाशी, तास बदलताना किंवा फोनवर हा विषय काढू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक असे प्रमाण दिले आहे. माझ्या मुलाच्या वर्गात बासष्ट मुले होती. त्या बाईंना प्रत्येकाच्या डब्याकडे पाहता येत नव्हते, हे मी मान्य करूनच बोलायला सुरुवात केली आणि त्यामुळे पुढचे बोलणे सोपे गेले. सोबत एक लहान अर्ज न्यावा. त्याचा मसुदा असा ठेवता येईल:

"मा. वर्गशिक्षिका, इयत्ता सहावी ब, यांस सविनय. माझा पाल्य गेल्या चार दिवसांपासून मधल्या सुट्टीत डबा न खाता जिन्यात बसतो. वर्गातील मुलांच्या ग्रुपवर त्याच्या छायाचित्राचे स्टिकर फिरवले जात असून वर्गातही त्याच नावाने त्याला हाक मारली जाते. कोणत्याही विद्यार्थ्यास शिक्षा व्हावी अशी माझी मागणी नाही. त्याची बसण्याची जागा बदलावी, मधल्या सुट्टीच्या शेवटच्या दहा मिनिटांत मजल्यावर एका शिक्षकांची उपस्थिती असावी आणि छायाचित्रांच्या वापराविषयी संपूर्ण वर्गाशी कोणाचे नाव न घेता बोलावे, ही विनंती. पंधरा दिवसांनी मी पुन्हा भेटण्यास येईन."

या मसुद्यात दोन गोष्टी मुद्दाम ठेवल्या आहेत. मागण्या अशा आहेत की शिक्षक आपल्या अधिकारात उद्यापासून अमलात आणू शकतात, आणि पुढच्या भेटीची मुदत आधीच सांगितलेली आहे. "फोटो शाळेबाहेर काढलेला आहे, आम्ही काय करणार" असे उत्तर येऊ शकते. तेव्हा शांतपणे सांगावे की फोटो बाहेरचा असला तरी हाक वर्गात मारली जाते आणि मूल शाळेत उपाशी राहते.

दुसऱ्या मुलाला फाटकावर गाठून दम देणे कधीही करू नये. त्याच्या आईला रागाच्या भरात फोन करणेही टाळावे, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचे नाव घेऊन लिहिणे तर अजिबातच नको. त्या ग्रुपमधल्या मजकुराचे स्क्रीनशॉट रात्रीपर्यंत मुलांच्या ग्रुपवर पोहोचतात. शिवाय पोक्सो किंवा बाल न्याय कायद्याखाली येणाऱ्या प्रकरणात मुलाची ओळख उघड करणे हाच एक अपराध ठरतो.

फोन

व्हॉट्सॲपच्या अटींप्रमाणे खाते उघडायला वय किमान तेरा वर्षे लागते. सहावीची मुले अकरा-बारा वर्षांची असतात, त्यामुळे हे ग्रुप बहुतेक आईच्या किंवा बाबांच्या क्रमांकावर चालतात, आणि पालकांना दखल घ्यायला ही जागा पुरेशी आहे. ग्रुपमध्ये कोण जोडू शकेल हे सेटिंगमध्ये फक्त ओळखीच्या क्रमांकांपुरते ठेवावे. ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो, म्हणून ॲडमिन असलेल्या मुलाच्या आईला किंवा बाबांना एकट्याने फोन करून तेवढी विनंती करावी. स्टिकर पुसण्यापूर्वी एक स्क्रीनशॉट मात्र ठेवावा. फोटो अश्लील केलेला असेल किंवा खोटे खाते उघडले असेल, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी स्वतंत्र विभाग आहे, तेथे तक्रार करता येते.

आपलेच मूल चिडवणाऱ्यांत असेल तर

शाळेतून बोलावणे येते तेव्हा पहिले वाक्य "आमचा तसा नाही" असे तोंडावर येते. ते गिळावे आणि काय घडले तेवढे ऐकून घ्यावे. घरी आल्यावर मारझोड करू नये. ज्याला घरी मार बसतो तो दुसऱ्या दिवशी तो मार शाळेत कोणावर तरी काढतो. मुलाला प्रसंग पहिल्यापासून सांगायला लावावा आणि 'आम्ही सगळे' या शब्दापाशी थांबवून, त्यात तू नेमके काय केलेस, हे विचारावे. पुढे एक ठोस कृती त्याच्याकडून करून घ्यावी: स्टिकर पुसणे, ग्रुपवर ते वापरू नका असे स्वतः लिहिणे, उद्या त्या मुलाला नावाने हाक मारणे. सर्वांसमोर माफी मागायला लावल्याने दोन्ही मुले अवघडतात. आणि घरात जेवताना आपण शेजाऱ्यांविषयी, कामवाल्या बाईंविषयी, एखाद्या आडनावाविषयी काय बोलतो, हेही त्या आठवड्यात कान देऊन ऐकावे.

सर्व पालकांनी मिळून करण्याचे

वाढदिवस, महागडे बूट आणि परतभेटी यांतून होणारी चढाओढ एका पालक सभेत थांबवता येते: वाढदिवसालाही गणवेश, वर्गात एकच गोळी, आणि ज्याला हौस असेल त्याने ग्रंथालयाला एक पुस्तक. आमच्या वर्गात हे ठरायला वीस मिनिटे लागली आणि किती घरांना हायसे वाटले, हे सभेनंतर जिना उतरताना ऐकू आले.

कोणती समिती कोठे असते हे माहीत असावे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. खासगी शाळांत शुल्क नियमनाच्या २०११ च्या राज्य कायद्यामुळे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याची कार्यकारी समिती सोडत काढून निवडली जाते. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आल्या, आणि बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी निघालेल्या निर्णयात सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांवर पुन्हा भर दिला गेला. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी टांगलेली असेल तर कोणतेही मूल तीत चिठ्ठी टाकणार नाही. ती ग्रंथालयाजवळ किंवा जिन्याच्या वळणावर हलवा, अशी मागणी सभेत करावी आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.

शाळा ऐकत नसेल तर

वर्गशिक्षक, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक हा क्रम सोडू नये. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, कारण पुढच्या कार्यालयात पहिला प्रश्न तोच विचारला जातो. पंधरा-वीस दिवसांत काही हालचाल नसेल तर संस्थाचालकांना आणि समितीला लिहावे. त्यानंतर गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी येतात, मुंबईत शिक्षण निरीक्षक. महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही लेखी तक्रार करता येते. मूल सतत उदास असेल किंवा जगण्याविषयी नकोसे बोलत असेल तर या क्रमात अडकू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, आणि १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय मदतवाहिनीचा क्रमांक घरात सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा.

शाळा बदलण्याचा विचार शेवटी करावा, पण तो केल्याने हरलो असे मानू नये. आठवीपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. निर्णय घेण्यापूर्वी मुलाला विचारावे, आणि शक्य असल्यास नव्या शाळेत मधल्या सुट्टीच्या वेळी जाऊन यावे. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसण्याआधी दहा मिनिटे नळापाशी उभे राहावे, मुले कोणाला कोणत्या नावाने हाका मारतात ते ऐकावे आणि एकटे बसून डबा खाणारी किती मुले दिसतात ते पाहावे.